सेसना १४० च्या शेपटीतला पत्रा : डेंटिंगवाल्यांनी हे काम शिकताना काय विसरायचं

सांगलीला बाबांचं डेंटिंगचं गॅरेज होतं त्यामुळे पत्र्याचं काम म्हटलं की मला काही वेगळं शिकावं लागेल असं वाटलंच नव्हतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्नानंतर इकडे ओहायोला आले, ग्रीन कार्ड आल्यावर एका छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि पहिलंच मोठं काम हातात आलं ते १९४६ सालच्या सेसना १४० चं. दोन सीटचं विमान, मागे छोटं टेलव्हील, ८५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन. बॉडी सगळी अॅल्युमिनियमची पण पंखांवर कापड (१९४९ मध्ये १४० ए आलं तेव्हा पंखही पत्र्याचे झाले). आमच्या विमानाच्या शेपटीत उंदरांनी घरटं केलेलं, त्यांच्या मुतामुळे स्किन (बाहेरचा पत्रा) आतून खाल्ली गेलेली, पांढरी भुकटी नुसती, आणि टेलव्हीलजवळच्या एका बल्कहेडच्या (आतल्या आडव्या फ्रेमच्या) फ्लँजला, म्हणजे वाकवलेल्या कडेला, तडा.

ज्यांना या लाइनमध्ये यायचंय, आणि खास करून जे आयटीआय किंवा गॅरेजमधून येणार आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय, कारण माझा अर्धा वेळ नवीन शिकण्यापेक्षा जुनं हातातून काढण्यात गेला.

गाडीचा पत्रा आपण काय करतो, मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून ठोकतो, ताणला गेला असेल तर गॅस मारून आवळतो, राहिलेलं पुट्टीने भरतो, घासतो, रंग. दिसायला सरळ झालं की गाडी डिलिव्हरी. इथे पहिल्या दिवशी मी चेपलेली जागा बघून म्हटलं की थोडी गरम करून काढू का, तर आमचा मेकॅनिक हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसला आणि अर्धा तास समजावत राहिला. या विमानात आतल्या फ्रेमबरोबर वरची स्किनसुद्धा लोड घेते. पत्रा असतो २०२४-टी३ नावाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा (जुन्या ड्रॉइंगवर २४एसटी लिहिलेलं दिसेल, चार आकडी नावं १९५४ पासूनची), त्याची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते, त्यावर टॉर्च फिरवला की ती गेली, आणि बाहेरून काहीही कळत नाही. लोखंड किंवा तांबं लाल होऊन सांगतं की मी तापलोय, अॅल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही. ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती, नव्हती.

सँडपेपरचंही तसंच. विमानाच्या ॲलक्लॅड म्हणतात त्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तोच गंजापासून वाचवतो, आपण चकाचक करायला घासतो आणि तोच थर काढून टाकतो. स्टील वूल तर अजिबात नको, लोखंडाचे कण अडकून राहतात आणि तिथेच गंज धरतो. पेन्सिलने मार्किंग पण नाही, ग्रॅफाइटमुळे गंज लागतो, बारीक मार्कर वापरायचा. स्क्राइबरने रेघ मारायची सवय असेल तर ती फक्त जिथे कापणार तिथे, बाकी ओरखड्यापासून तडा सुरू होतो.

आता माझी चूक सांगते. जुने रिव्हेट काढताना डोक्याच्या मध्यावर पंच मारून फक्त डोक्याच्या खोलीएवढंच ड्रिल करायचं, मग पिन पंचने डोकं उडवायचं आणि मागे ठोकळ्याचा आधार देऊन शँक (रिव्हेटची दांडी) बाहेर काढायची. एडी (हा रिव्हेटच्या धातूचा प्रकार) रिव्हेटच्या डोक्यावर छोटा खळगा असतो, तो मध्य धरायला बरा पडतो. मी घाईत आरपार ड्रिल करत सुटले. चार भोकं लंबगोल. मला वाटलं काय झालं त्यात, एक साइज मोठा रिव्हेट घालू. पण नियम असा की भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत कमीत कमी रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर पाहिजे. १/८ इंचाचा रिव्हेट म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत एक सूत, त्याला कडेपर्यंत दोन सूत लागतात. ५/३२ केला की अडीच सूत, आणि त्या फ्लँजवर तेवढी जागाच नव्हती. ज्या तुकड्याला नुसता पॅच चालला असता तो सगळा नवीन बनवावा लागला, तीन आठवडे गेले आणि मालकाने एक शब्द बोलून दाखवला नाही त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

पण त्या तीन आठवड्यांत जे शिकले ते बाकी वर्षभरात नाही शिकले. कठीण लाकडाचा फॉर्म ब्लॉक (ज्यावर पत्रा वाकवून आकार देतात तो ठोकळा) कापला, कडांना बेंडची त्रिज्या दिली (टी३ पत्रा फार टोकदार वाकवला की बाहेरच्या बाजूने फाटतो, म्हणून पत्र्याच्या ग्रेनला (लाटताना पडलेल्या रेषांना) आडवा बेंड घ्यायचा). गोल फ्लँज टी३ मध्ये नीट येईना म्हणून मऊ २०२४-ओ पत्रा घेतला, दोन ब्लॉकच्या मध्ये आवळून नायलॉनच्या हातोडीने हळूहळू खाली बसवला, आणि आतल्या बाजूला जे जास्तीचं मटेरियल सुरकुतत होतं ते फ्लूटिंग प्लायरने छोट्या घड्या घालून सामावलं. इथे मात्र बाबांकडचा हात कामी आला, कुठे मारायचं आणि कुठे थांबायचं ते आवाजावरून कळत होतं. मग हीट ट्रीटमेंटला सर्टिफाइड शॉपमध्ये पाठवला. तिथे साधारण ४९३ अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात बुडवतात, आणि ५०२ च्या आसपास तो आतून वितळायला लागतो, म्हणजे चूक करायला दहा अंशसुद्धा जागा नाही. घरच्या भट्टीत हे करायचा विचार पण करू नका.

रिव्हेटिंगला दोन माणसं लागतात, एक गन धरतो आणि एक मागे ठोकळा. नंबर वाचायला शिका : एमएस२०४७०एडी४-४ यात पहिला ४ म्हणजे ४/३२ इंच व्यास, दुसरा ४ म्हणजे ४/१६ इंच लांबी. लांबी काढायची ती दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक व्यासाची दीडपट. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे, त्यात ०.१८७५ मिळवा, पाव इंच बरोबर येतो. ड्रिल ३० नंबरचं, मग डिबर (भोकाच्या कडेचे काटे काढणे), मग तांब्याच्या रंगाचे क्लेको (पत्रे तात्पुरते धरणाऱ्या पिना) लावून पत्रे जुळवायचे. मारून झाल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच पाहिजे. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून मागचा माणूस ठोके देतो, एक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे जमला, तीन म्हणजे खराब, काढ. पहिल्या आठवड्यात मला तीनच ऐकू यायचे.

प्रायमर झिंक क्रोमेटचा असेल तर मास्क घाला, कॅन्सर करतं ते. कानाला प्लग.

कागदपत्रांबद्दल थोडं. एसी ४३.१३-१बी हे एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं) गाइड आहे, त्यातलं चौथं प्रकरण पत्र्याचं, फुकट डाउनलोड होतं, भारतात बसूनही वाचा. आमचं काम मेजर रिपेअरमध्ये गेलं म्हणून त्याची नोंद करणारा फॉर्म ३३७ भरला आणि इन्स्पेक्शन ऑथोरायझेशन असलेल्या मेकॅनिकने सही केली. मला स्वतःला सही करता येत नाही. इथे शाळेत न जाता एअरफ्रेमचं (इंजिन सोडून विमानाच्या सांगाड्याचं) रेटिंग, म्हणजे मेकॅनिकचं सर्टिफिकेट, हवं असेल तर १८ महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, इंजिनासकट दोन्ही हवी असतील तर ३०, आणि मग लेखी, तोंडी, प्रॅक्टिकल. भारतात डीजीसीएची (तिथल्या विमान वाहतूक खात्याची) एएमईची, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरची, वाट वेगळी आहे, तिथली परीक्षा त्यांच्या सीएआर-६६ या नियमांप्रमाणे होते. कुठल्याही वाटेने गेलात तरी रोज काय केलं ते तारखेसकट वहीत लिहा, फोटो काढा आणि ज्याच्या हाताखाली काम केलं त्याची त्याच आठवड्यात सही घ्या, कारण वर्षाने माणूस सापडत नाही.

माझे अनुभवाचे सात महिने राहिलेत. ते लंबगोल भोकांचं जुनं फ्लँज मी फेकलं नाही, माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे, हँगरमध्ये आता अजून एक मुलगा शिकायला आलाय, त्याला ड्रिल हातात देण्याआधी तेच दाखवलं.