वॅक्सिंगनंतर केस आत अडकू नयेत म्हणून

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर घ्या. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला साड्यांची यादी दाखवली, दागिन्यांची दाखवली, आणि वॅक्सिंगपुढे लिहिलं होतं, ‘हळदीच्या आदल्या दिवशी’. तिथेच मी तिच्या हातातून पेन घेतलं. कालच वॅक्स केलेल्या हातापायांना हळद लागली की काय आग होते ते मला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे, आणि हळद लावणाऱ्या आत्या-मावश्या काही हात राखून चोळत नाहीत. तिच्यासाठी खरडलेली यादी पुढे तिच्या मैत्रिणींनीही मागितली, म्हणून नीट लिहून काढतेय. तुमच्याकडे लग्न नसेल, नुसती गोव्याची सहल असेल, तरी क्रम हाच.

वॅक्सिंगची तारीख समारंभाच्या ३-४ दिवस आधीची धरा. तेवढ्यात लाली उतरते आणि नवे केस अजून दिसायला लागलेले नसतात. आयुष्यात पहिल्यांदाच करणार असाल तर दोन महिने आधी एक फेरी करून बघा. दोन फेऱ्यांमध्ये साधारण ४ ते ६ आठवडे जातात, म्हणजे मुख्य दिवस येईपर्यंत आपली त्वचा कशी वागते ते कळलेलं असतं. पाळीची तारीखही त्याच कॅलेंडरवर बघून घ्या. पाळीच्या तोंडावर बऱ्याच जणींना जास्त दुखतं, उगाच तो दिवस कशाला निवडायचा?

केस आत अडकतो म्हणजे नेमकं काय होतं हे एकदा समजलं की यादीतलं निम्मं पाठ करावंच लागत नाही. वॅक्सने केस मुळापासून निघतो. त्या जागी येणारा नवा केस बारीक टोकाचा असतो. वर येताना रंध्राचं तोंड मृत त्वचेने बुजलेलं असलं की तो आतल्या आत वळतो. कुरळा केस तर बाहेर येऊनही वाकतो आणि शेजारच्या त्वचेत पुन्हा शिरतो. सगळ्यात त्रासाचा प्रकार तिसरा: केस मुळासकट न निघता त्वचेच्या खाली तुटतो, त्याचं टोक धारदार राहतं आणि ते आतूनच रंध्राची भिंत टोचतं. शरीर त्याला घुसखोर समजतं. मग लाल, खाजरी, कधी पू धरणारी पुळी येते. माझी आजी असल्या सगळ्या पुळ्यांना सरसकट केसतूड म्हणायची. खरं केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी पिकलेलं गळू, पण अडकलेला केस नखाने उकरत बसलं तर तोही तिथवर पोचतो, तेव्हा आजी फारशी चुकत नव्हती.

एक फरक मात्र ओळखायला शिका. वॅक्सिंगच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठलेले बारीक लाल दाणे म्हणजे ओढलेल्या रंध्रांची तक्रार. ते बहुतेक दोन-तीन दिवसांत बसतात. अडकलेला केस त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, नवा केस वर यायच्या सुमाराला तोंड काढतो. आणि दंडांच्या मागच्या बाजूला वर्षभर असणारा खरखरीत, अंगावर काटा आल्यासारखा पुरळ हा केरॅटोसिस पिलॅरिस असतो. त्याचं खापर बिचाऱ्या वॅक्सवर फोडू नका.

आता रेझर कपाटात मागे टाका. शेवटचं शेव्हिंग आणि वॅक्सिंग यांच्यामध्ये दोन ते तीन आठवडे हवेत. केस साधारण ५-६ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा वाढलेला असला की वॅक्स त्याला नीट पकडतं. त्याहून आखूड असेल तर पकड निसटते आणि केस मध्येच तुटतो. फार लांब असेल तर आधी कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करून घ्या, दुखणं बरंच कमी होतं. यादीतली ही सगळ्यात अवघड गोष्ट, कारण इथे काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. दोन आठवडे सलवार घाला, लांब बाह्या घाला, पण ‘एवढाच एक भाग रेझरने उरकते’ असं करू नका. प्लकरने अधलेमधले केस उपटणंही नको.

एकदा औषधांचा डबाही उघडून बघा. ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन असलेलं मुरुमांचं क्रीम जिथे लावता, तिथे वॅक्सिंग करायचं असेल तर किमान आठवडाभर आधी ते बंद ठेवा, नाहीतर पट्टीबरोबर वरची त्वचाही निघते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्सिंग यादीतूनच खोडा. गोळ्या आपल्या मनाने थांबवून पार्लर गाठू नका. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून ठरवा. उन्हाने भाजलेली, खरचटलेली किंवा पुरळ आलेली जागा सोडून द्यायची.

एक-दोन दिवस आधी अंगावरची मृत त्वचा हळुवार काढायची, त्याच दिवशी नाही. दिवाळीत उरलेलं उटणं असेल तर ते, नाहीतर बेसन-दुधाचा लेप, किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. जाळी प्रत्येक वेळी उन्हात खडखडीत वाळवायची, बाथरूममध्ये ओली लटकत ठेवली की त्यात जंतू वाढतात. वज्री टाचांसाठी आहे, ती नडग्यांवर फिरवू नका. लिंबू-साखर, मीठ, खायचा सोडा हे स्वयंपाकघरात शोभतात. वॅक्सिंगच्या दिवशी तेल, लोशन काही लावायचं नाही, वॅक्स धरत नाही.

पार्लरमध्ये जाताना पिशवीत एकच गोष्ट लागते, ती म्हणजे सैल सुती कपडे. जीन्स आणि लेगिंग घरी ठेवा. बाकीची तयारी तोंडाची, कारण तिथे विचारावं लागतं आणि आपल्याला संकोच वाटतो. पट्टी नवी आहे का? स्पॅच्युला कातडीला लावून पुन्हा त्याच डब्यात जातोय का? वॅक्स आधी मनगटावर लावून बघितलं का? मी एकदा अशाच संकोचात गप्प बसले. तिथल्या मुलीचा एक डोळा मोबाइलवर, पट्टी वरच्या दिशेने आकाशाकडे ओढलेली, आणि राहिलेल्या केसांवर शेवटी चक्क रेझर फिरवला. तीन आठवड्यांनी माझ्या दोन्ही नडग्यांवर काळे ठिपके होते. ते जायला कित्येक महिने गेले.

म्हणून बघायचं काय ते सांगते. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने वॅक्स पसरायचं, आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला जवळजवळ समांतर ठेवून एका झटक्यात ओढायची. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरलेली हवी. वर उचलून ओढली की केस तुटतात. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात, त्यामुळे तिथे एकच मोठी पट्टी म्हणजे आळस. छोट्या भागांत करून घ्या. काख आणि जांघेसाठी पट्टीशिवाय निघणारं जाड, ‘बीन्स’ म्हणजे दाण्यांच्या रूपात मिळणारं वॅक्स मला जास्त पटतं, ते त्वचेपेक्षा केसाला धरतं. साखर-लिंबाचं घरगुती वॅक्स हातापायांना चांगलं चालतं, फक्त ते चटका देईल इतकं गरम नको. एका जागेवर दोनपेक्षा जास्त वेळा पट्टी लावू द्यायची नाही. राहिलेले पाच-सहा केस राहू देत.

घरी आल्यावर पुढच्या २४ ते ४८ तासांची यादी जवळजवळ सगळी नकारांचीच. कढत पाण्याची अंघोळ, जिम, पोहणं, कडक ऊन, काखेत डिओ, सुवासिक पावडर आणि घट्ट कपडे हे सगळं दोन दिवस बाजूला. आग होत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, नाहीतर गार पाण्याची घडी. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल. घरच्या कुंडीतली कोरफड थेट लावणार असाल तर पानातून आधी निघणारा पिवळा चीक वाहून जाऊ द्या, त्यानेच खाज सुटते. तुरटी घासायचा सल्ला बाबा देतील. ती त्यांच्या दाढीला ठीक आहे.

खरं काम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण विसरतो. आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने घोसाळ्याची जाळी, किंवा घासण्याऐवजी आम्लाचं लोशन. २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्राच्या आत पोचतं. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिड वरचा थर सैल करतात. यातलं एकच निवडा. जाळी, सॅलिसिलिक आणि ग्लायकोलिक एकाच रात्री वापरणाऱ्या उत्साही मुली मला माहीत आहेत, त्यांची त्वचा सोलून निघाली होती. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि ही लोशनं लावलेला भाग उघडा राहणार असेल तर सनस्क्रीन हवंच. रोज रात्री मॉइश्चरायझर लावा, मऊ त्वचेतून केसाला वर यायला सोपं जातं.

एवढं करूनही एखादा केस अडकेल. त्यासाठी घरात ठेवायचं ते थोडंच: स्वच्छ रुमाल, टोकदार चिमटा, स्पिरिट आणि २.५ टक्क्यांची बेन्झॉइल पेरॉक्साइडची ट्यूब. पुळी दिसली की त्या भागावरचं वॅक्सिंग, शेव्हिंग, प्लकिंग सगळं थांबवा. रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून १०-१५ मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बरेचसे केस एवढ्यानेच आठवडाभरात आपले आपण वर येतात. त्वचेवर केसाचा फास स्पष्ट दिसत असेल, तरच स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याचं टोक त्याखाली घालून तो वर उचलायचा. उपटायचा नाही, कारण उपटला तर तोच खेळ पुन्हा सुरू. दिसत नसेल तर सुईने खणायचं नाही. पिवळं तोंड धरलेल्या पुळीवर बेन्झॉइल पेरॉक्साइडचा ठिपका पुरे. त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग जातो, तेव्हा जुनं काहीतरी वापरा. टूथपेस्ट नको.

केमिस्टकडे ‘खाजेला काहीतरी द्या’ म्हटलं की एक ट्यूब हातात पडते, तिच्यात बऱ्याचदा जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. चार दिवसांत लाली पळते, म्हणून आपण ती घरात जपून ठेवतो. जांघेच्या आणि काखेच्या नाजूक त्वचेवर ती वरचेवर लावली तर त्वचा पातळ होते, कायमचे वळ पडतात, आणि गजकर्ण असेल तर ते झाकलं जाऊन आणखी पसरतं. अशी अर्धवट वापरलेली ट्यूब डब्यात सापडली तर टाकून द्या.

लाली पसरत चालली, जागा गरम लागते, खूप दुखतं, ताप आला, तर घरगुती काही नाही, सरळ डॉक्टर. काखेत किंवा जांघेत दुखऱ्या गाठी पुन्हा पुन्हा येत असतील, फुटून वाहत असतील, तर तो हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा असू शकतो. तो वेगळा आजार आहे, आणि अस्वच्छतेमुळे होत नाही, हे मुद्दाम सांगते कारण मुली लाजेने वर्षानुवर्षं लपवतात. हनुवटीवर नव्याने राठ केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर थ्रेडिंग करत बसण्याआधी पीसीओएसची (हार्मोन्सच्या एका बिघाडाची) तपासणी करून घ्या.

पुळी गेल्यावर राहणारा तपकिरी डाग आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर महिनोन्‌महिने टिकतो. त्याला घासून काही होत नाही. सनस्क्रीन, नियासिनामाइड किंवा ॲझेलेइक ॲसिड असलेलं क्रीम, आणि वेळ. लग्नाच्या अल्बममध्ये नडग्या दिसत नाहीत, हेही भाचीला सांगून टाकलं.

दर वेळी अडकतच असतील तर वॅक्सिंगचा हट्ट सोडा. त्वचेच्या थोडं वर कापणारा ट्रिमर सगळ्यात निरुपद्रवी, कारण केसाचं टोक आत जातच नाही. लेझर करायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा. गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं लाँग-पल्स्ड एनडी-याग या प्रकारचं लेझर जास्त सुरक्षित समजलं जातं. साधारण ६ ते ८ बैठका लागतात, दोन बैठकांत ४ ते ६ आठवड्यांचं अंतर असतं, म्हणजे लग्न डिसेंबरात असेल तर सुरुवात मार्च-एप्रिललाच हवी. लेझरला केसाचं मूळ जागेवर लागतं, त्यामुळे पहिल्या बैठकीच्या किमान महिनाभर आधी आणि मधल्या सगळ्या काळात वॅक्सिंग बंद. तेव्हा कॅलेंडरवरच्या पार्लरच्या तारखा खोडा, आणि कपाटात मागे टाकलेलं रेझर पुन्हा बाहेर काढा.