सिव्हिल वॉरमधल्या घोडदळ रेजिमेंटचा इतिहास शोधायचाय? आधी घोडे मोजा

अमेरिकन सिव्हिल वॉरमधली एखादी व्हॉलंटियर कॅव्हलरी रेजिमेंट अभ्यासाला घेतली की बहुतेक जण आधी लढायांची यादी करत बसतात. यादीने फार काही हाती लागत नाही. लढाईच्या दिवशी खोगिरावर खरंच किती जण होते हे शोधा, मग रेजिमेंट दिसायला लागते.

पण आधी नाव पक्कं करा, इथे भलेभले फसतात. केंटकी, टेनेसीसारख्या राज्यांतून दोन्ही बाजूंना रेजिमेंट्स गेल्या, त्यामुळे फर्स्ट केंटकी कॅव्हलरी युनियनचीही (उत्तरेची बाजू) आहे आणि कॉन्फेडरेटचीही (दक्षिणेची). पेनसिल्व्हेनियात तर घोडदळाला दोन दोन नंबर, तिथली सहावी कॅव्हलरी म्हणजेच ७०वी रेजिमेंट. म्हणून राज्य, बाजू आणि कर्नलचं नाव, तिन्ही जुळलं की मगच पुढे जा.

मग कंपनी धरा. युनियनच्या पूर्ण कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये साधारण १२ कंपन्या असायच्या, ए ते एम, मधे जे नाही, आणि कागदावर हजार-बाराशे माणसं. पण निम्म्या कंपन्या कुठेतरी पुलावर पहाऱ्याला, काही कुठल्या जनरलच्या दिमतीला, त्यामुळे रेजिमेंट अमुक लढाईत होती असं वाचलं तर कोणत्या कंपन्या होत्या ते विचाराच.

माणसांची माहिती वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, दर दोन महिन्यांच्या हजेरीपटांवरून नंतर प्रत्येक सैनिकाची कार्डं बनवली गेली. इलिनॉयच्या रेजिमेंट्स असतील तर राज्याच्या आर्काइव्ह्जचा डेटाबेस ऑनलाइन आहे, त्यात उंची, केसांचा-डोळ्यांचा रंग, धंदा असं सगळं मिळतं, आणि शेतकरी, शेतकरी, लोहार, शेतकरी असं वाचत गेलं की ती कंपनी अक्षरशः समोर उभी राहते. शेरे मात्र सोडू नका, हॉस्पिटलात, पळून गेला, दुसरीकडे नेमला, खरा इतिहास तिथेच असतो. आणि पेन्शनच्या फाइल्स मिळाल्या तर सोनंच, विधवेला लग्न सिद्ध करायचं असायचं म्हणून शेजारी आणि जुने सोबती साक्षी द्यायचे, ते वाचताना गळा दाटून येतो.

आता घोडे. आपल्याकडचे शब्द इथे चपखल बसतात, कॉन्फेडरेट स्वार शिलेदार, घोडा स्वतःचा, त्याचे सरकारकडून दिवसाला ४० सेंट, आणि घोडा गेला तर दुसरा स्वतःच आणायचा नाहीतर पायदळात जायची वेळ. युनियनचा स्वार बहुतेक करून बारगीर, घोडा सरकारी. त्या घोड्याचा ठरलेला रतीब रोज १४ पौंड गवत आणि १२ पौंड दाणा, म्हणजे हजार घोड्यांना रोज २६,००० पौंड! म्हणून क्वार्टरमास्टरचे, म्हणजे रसद आणि सामान बघणाऱ्या अधिकाऱ्याचे, कागद दिसले की कंटाळा करू नका, रेजिमेंट महिनाभर जागची का हलली नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

शेवटी हे सगळं ऑफिशियल रेकॉर्ड्सशी ताडून बघा. १८८० ते १९०१ मध्ये छापलेले हे १२८ ग्रंथ, दोन्ही बाजूंचे रिपोर्ट आणि पत्रं त्यात आहेत. एकाच दिवसाचा आपल्या कर्नलचा रिपोर्ट आणि शत्रूचा रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा, आकडे जुळत नाहीत तिथे थांबा.

उदाहरण म्हणून ग्रिअरसनची धाड घ्या. ग्रिअरसन युनियनचा कर्नल, मूळचा संगीतशिक्षक. १७ एप्रिल १८६३ ला तो टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाला, सोबत सहावी आणि सातवी इलिनॉय, दुसरी आयोवा. तीन रेजिमेंट म्हणजे तीन हजार स्वार असं वाटेल, पण निघाले १,७०० च. २० तारखेला आजारी माणसं आणि थकलेले घोडे परत पाठवले, २१ ला आयोवाची रेजिमेंट शत्रूला चकवायला मागे वळवली, राहिले सुमारे साडेनऊशे. तेवढ्यांनी २४ ला मिसिसिपी राज्यातल्या न्यूटन स्टेशनवर रेल्वे उखडली आणि २ मे ला युनियनच्या ताब्यातलं बॅटन रूज गाठलं, आणि शत्रू त्यांच्या मागे धावत असताना तिकडे ३० एप्रिलला युनियनच्या जनरल ग्रँटचं सैन्य मिसिसिपी नदी ओलांडून उतरलं.

आपल्या रेजिमेंटसाठी असाच तक्ता करा: तारीख, ठिकाण, कंपन्या, स्वार, घोडे. स्वार आणि घोडे हे रकाने बरेच दिवस रिकामे राहतील, राहू देत, अंदाजाने भरू नका.