डबा तसाच परत जातो तेव्हा शिक्षकांनी काय करावं

पोळीचे नखाएवढे तुकडे करायचे, भाजी कडेला सारायची, उरलेलं मैत्रिणींना वाटून टाकायचं आणि 'पोट भरलं' म्हणायचं. मधल्या सुट्टीत हे रोज दिसायला लागलं तर त्याला नखरे म्हणू नका. हा खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर) असू शकतो. जोडीला उन्हाळ्यातही स्वेटर, पीटीला चक्कर, सतत नवे उपास, खाल्ल्याबरोबर स्वच्छतागृहात जाणं, यातलं काय दिसतं ते तारखेसह टिपून ठेवा. अंगकाठीवर जाऊ नका. खाऊन मुद्दाम उलटी काढणारी मुलं बहुतेकदा चारचौघांसारखीच दिसतात. आणि हा आजार मुलग्यांनाही होतो.

बोलायचं ते एकट्यात, डबा समोर नसताना. "तुझा डबा तसाच परत जातोय, परवा चक्करही आली. मला काळजी वाटते," एवढं पुरे. ती नाही म्हणाली तर वाद घालू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, कारण घरी सांगावंच लागतं. कसं सांगायचं ते तिच्याबरोबर ठरवा.

पालक 'वयच तसं आहे' म्हणतील. टिपणं त्यांच्यापुढे ठेवा. आधी बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, उलटीत रक्त आलं, पाणीही बंद झालं किंवा बसल्या जागी पूर्ण मिनिट मोजलेली नाडी ५० च्या खाली भरली, तर त्याच दिवशी रुग्णालय. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलाला आग्रहाने भरपेट जेवू घालू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट एकदम घसरतं आणि हृदयावर ताण येतो. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील.

उपचार सुरू झाल्यावर शाळेचं खरं काम मधल्या सुट्टीतच असतं. डॉक्टर आणि पालकांशी ठरवून एकाच शिक्षिकेने रोज त्याच जागी, स्वतःचा डबा घेऊन सोबत बसावं. वीस-तीस मिनिटं, गप्पा खाण्याच्या सोडून कशाच्याही. 'अजून एक घास, मग जा' असली घासाघीस नको. ती सुरू झाली की प्रत्येक घासाची लढाई होते. उलटीची सवय असेल तर पुढचा अर्धा तास तिला सोबत हवी. डब्यात उरलं तर न रागावता त्याच दिवशी घरी कळवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पीटी बंद, पण मैदानातून हाकलू नका. खो-खोचे गुण लिहायला बसवा.

वर्गासमोर कुणाचंच वजन मोठ्याने वाचू नका. आणि शिक्षकखोलीत सगळ्यांना बजावून ठेवा: 'आता छान भरलीस' हे कौतुक तिला 'जाड झालीस' असंच ऐकू येतं, आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा उघडत नाही.