भुईमुगाचे शेत आणि घाण्याचे तेल : नैसर्गिक किरणोत्साराची तपासणी कशी करावी

शेतातील मातीत किरणोत्सार असतोच. तो मुख्यतः युरेनियम-२३८ ची साखळी (म्हणजे विघटनातून एकामागून एक होणारी मूलद्रव्ये), थोरियम-२३२ ची साखळी आणि पोटॅशियम-४० यांतून येतो. यांपैकी तिसरा म्हणजे आपल्या ओळखीच्या पालाशचाच एक अत्यल्प अंश असून एक ग्रॅम पालाशमूलद्रव्यातून सुमारे ३१ बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) मिळतात. जगभरातील मातीसाठी किलोमागे अनुक्रमे ३५, ३० आणि ४०० बेकरेल हे आकडे तुलनेला घेतले जातात. दख्खनच्या बेसाल्टापासून झालेल्या काळ्या मातीत युरेनियम आणि थोरियम सहसा याहून कमीच आढळतात. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मात्र मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूमुळे थोरियमचा आकडा कितीतरी पटींनी चढतो.

नुसते तेल तपासून फारसे काही कळत नाही. एकाच शेतातील माती, त्याच शेतातील दाणे आणि त्याच दाण्यांच्या घाण्यातून निघालेली पेंड व तेल असे चारही नमुने एकत्र पाठवावेत.

मातीचा नमुना पेरणीपूर्वी किंवा काढणीनंतर घ्यावा. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खतामध्ये किलोमागे सुमारे १५,००० बेकरेल असतात, त्यामुळे खत टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना जमिनीपेक्षा गोणीचीच हकीकत अधिक सांगतो. बांध, उकिरडा, विहिरीजवळची ओल आणि झाडाखालची जागा टाळून नागमोडी चालीने आठ-दहा ठिकाणे निवडावीत, वरचा पालापाचोळा बाजूला सारावा आणि वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. काळी जमीन भेगाळली असेल तर भेगेच्या कडेची माती घेऊ नये, कारण वरचा थर तिथे आत घसरलेला असतो. सगळी माती गोणपाटावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि सुमारे दोन किलो उरेपर्यंत हेच करावे. मग ती सावलीत वाळवून, ढेकळे फोडून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी.

पुढचे काम प्रयोगशाळेचे असले तरी दोन प्रश्न आपण विचारावेत. पहिला, भट्टीत सुकवलेला नमुना हवाबंद डब्यात चार आठवडे ठेवला होता का? युरेनियमच्या साखळीतील रेडियमपासून होणाऱ्या रेडॉन वायूचा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा वेळ) ३.८ दिवसांचा असल्याने तो आत कोंडून साखळीचा समतोल साधल्याशिवाय गॅमा स्पेक्ट्रोमीटरवरून (गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या यंत्रावरून) काढलेला रेडियमचा आकडा भरवशाचा नसतो. दुसरा, तेलासाठी यंत्राची मापनमर्यादा, म्हणजे त्याला ओळखता येणारा किमान आकडा, किती होती? (हातात धरायच्या गायगर काउंटरवर तेलाची बाटली तपासणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.)

तेल पाठवण्याआधी ते निवळू देऊन गाळून घ्यावे. घाण्यातून नुकतेच निघालेले तेल गढूळ दिसते, कारण त्यात दाण्याचा बारीक चुरा तरंगत असतो. पालाश स्निग्धांशात विरघळत नाही, तो या चुऱ्यात असतो. म्हणून तेलाच्या अहवालात पोटॅशियम-४० ठळकपणे दिसले, तर जमिनीला दोष देण्याआधी गाळणीकडे पाहावे. नीट गाळलेल्या तेलापुढे बहुधा ‘मापनमर्यादेखाली’ असाच शेरा येतो. त्याचा अर्थ शून्य असा नव्हे. ती मर्यादा आकड्यात लिहून मागावी.

काही अहवालांत मातीच्या तिन्ही आकड्यांवरून ‘रेडियम-समतुल्य’ असा एकच एकत्रित आकडा काढून त्याची किलोमागे ३७० बेकरेलशी तुलना केलेली असते. ती मर्यादा बांधकामाच्या सामग्रीसाठी ठरवलेली आहे. तेल खाण्याजोगे आहे की नाही, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

शेवटी हिशेब जुळवून पाहावा. दाण्यात किलोमागे साधारण सात ग्रॅम पालाश, म्हणजे सुमारे २२० बेकरेल असतात. शंभर किलो दाण्यातून चाळीस किलो तेल निघाले, तर उरलेल्या साठ किलो पेंडीत किलोमागे साडेतीनशेच्या थोडे पुढे आकडा यायला हवा. तो बराच कमी आला, तर आधी पेंडीतील ओलावा मोजला होता का, ते विचारावे.