दणकट नाव हवंय? मग आत्याचं ऐका

आमच्यात बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, आणि मी चार भावांची एकुलती बहीण. त्यात नोकरी झाली प्राथमिक शाळेत, म्हणजे रोज हजेरी. त्यामुळं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरीच नाही, भावकीतनंही फोन येतात, "आक्का, जरा दणकट नाव सुचवा की."

मी उलट विचारते, बळ कसलं पाहिजे?

अंगातलं पाहिजे असेल तर बलराम, बलभीम आहेतच. माझं आवडतं बजरंग. ते मूळचं वज्रांग, वज्रासारखं अंग असलेला. नुसतं 'भीम' मात्र बळाचं नव्हे; त्याचा अर्थ भयंकर, बघून धडकी भरावी असा. आतल्या जोमाचं नाव हवं तर ओजस. जागचं न हलणारं हवं तर ध्रुव. कुणाला न हरणारं हवं तर अजिंक्य, मुलगी असेल तर अपराजिता. विक्रम म्हणजे पराक्रम हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यात पाऊल टाकणंही आहे. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा तो त्रिविक्रम. मला हे बळ जास्त पटतं.

मुलींच्या बाबतीत लोक लगेच नाजूक फुलांवर जातात. का बरं? दुर्गा घ्या. दुर्ग म्हणजे जिथं सहज पोचता येत नाही अशी जागा, किल्ला. तारा घ्या. अर्थ साधा, आकाशातली चांदणी. पण १७०० साली नवरा गेल्यावर जिनं औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली आणि पुढं कोल्हापूरची गादी उभी केली, तिचं नाव आहे ते. कावळा नाक्यावर घोड्यावरची ताराराणी रोज बघणाऱ्याला शब्दकोश कशाला लागतोय?

आजोबा मंडळी पैलवानी नावासाठी हटून बसली तर मी त्यांना खासबागेच्या कुस्ती मैदानाची आठवण देते. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९५९ साली. श्रीपती म्हणजे लक्ष्मीचा नवरा. पुढच्याच वर्षीचे गणपतराव आंदळकर, नाव गणपतीचं. आजोबा गप्प बसतात, निदान चहा येईपर्यंत.

घरातलं कोणी परदेशात असेल तर दोन्हीकडं चालणारं नाव शोधावं लागतं. माझी एक भाची जर्मनीत असते, तिच्यासाठी मी बरीच धुंडाळली. माटिल्डा हे जुनं जर्मन नाव, बळ आणि युद्ध या दोन शब्दांचं. रिचर्डमध्ये सत्ता आणि कणखरपणा आहे. व्हॅलेंटिना लॅटिनमधलं, सशक्त. इथन हिब्रू, म्हणजे भक्कम, टिकणारा. आपल्या तोंडात सहज बसतं. गॅब्रिएलही हिब्रूच, 'देव माझं बळ' असा अर्थ लावतात. स्वाहिलीत इमारा म्हणजे मजबूत. अरबीतलं अझीझ मला फार आवडतं, कारण त्यात बलवान आणि प्रिय दोन्ही अर्थ आहेत. जपानी नावाचा अर्थ मात्र ते कुठल्या चित्रलिपीत लिहिलंय त्यावर ठरतो. देवनागरीत 'ताकेशी' लिहून अर्थ विचारू नका.

मोबाईलवरच्या याद्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अर्जुन म्हणजे बलवान असं कुठंही लिहिलेलं सापडतं. खरा अर्थ शुभ्र. मोल्सवर्थ किंवा आपट्यांचा कोश उघडा, नाहीतर संस्कृतच्या बाईंना गाठा.

मग नाव गच्चीवरनं मोठ्यानं हाक मारून बघा. कोल्हापुरात कुठलंही नाव गल्लीत पोचेपर्यंत अर्धं होतं: विक्रमचा विक्या, बलरामचा बल्या, ओजसचा ओज्या. ते रूप झेपत असेल तरच पुढं जा. वडिलांचं नाव आणि आडनाव लावूनही म्हणा, हजेरीच्या सुरात. जोडाक्षरं जास्त झाली तर बाईंची जीभ रोज अडखळणार, मी स्वतः अडखळलेय.

शेवटचं काम कागदाचं. शौर्यचं इंग्रजी स्पेलिंग 'ए' घालून करायचं की 'ओ' घालून, हे घरात आधीच ठरवा, आणि जन्मदाखला, आधार, शाळा सगळीकडं तेच द्या. बारशाला नाव ठरलं नाही म्हणून घाबरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नाव नंतर घालता येतं: १२ महिन्यांपर्यंत फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.