रिसेप्शनचे फोटो जिवंत हवेत? आधी स्टेजवरची रांग आवरा

लग्नाचा अल्बम उघडला की पानामागून पान सारखंच दिसतं. मधे नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना पाहुणे, हातात पाकीट किंवा बुके, नजर कॅमेऱ्याकडे. मग घरचे म्हणतात, 'कँडिडवाला सांगायला हवा होता.' पण जे घडलंच नाही, ते कँडिडवाला तरी टिपणार कुठून? हसणं, नाचणं, बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मामेबहिणीच्या गळ्यात पडणं, हे सगळं होण्यासाठी माणसांना वेळ आणि जागा लागते. ती तुम्हालाच आखून ठेवावी लागते. कार्यालय ठरवल्यापासूनच हे डोक्यात असू द्या.

रांगेचा हिशोब मांडा

समजा सहाशे पाहुणे आहेत. चार-चारच्या घोळक्याने वर आले तर दीडशे घोळके होतात. चढणं, आहेर देणं, फोटो, उतरणं याला ४० सेकंद धरले तरी शंभर मिनिटं जातात. आणि कोल्हापुरात पेठेतली मंडळी, तालमीची पोरं, दोन्हीकडची भावकी धरली की हजार माणूस सहज होतो. म्हणजे नवरा-नवरी संध्याकाळभर एकाच जागी उभी, आणि पाहुणेही रांगेत ताटकळलेले. यातून जिवंत फोटो कसे निघणार?

म्हणून स्टेजची वेळ बांधून घ्या. ७ ते सव्वाआठ स्टेज, त्यानंतर जोडी खाली. निवेदकाला सुरुवातीलाच सांगायला लावा, 'नवदाम्पत्य थोड्या वेळाने आपल्याला भेटायला खाली येणार आहे.' गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना, आत्याला, थोरल्या मामांना वर बोलवूच नका. जोडीनं त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन पाया पडावं. मानही राहतो, आणि आजीनं दोन्ही हातांनी सुनेचा चेहरा धरला की त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला फोटो मिळतो. मंडपवाल्याला स्टेज कमी उंचीचा करायला सांगा, फूटभर पुरे. माणसं सहज चढतात-उतरतात आणि फोटोग्राफरला खालून वर तोंड करून फोटो काढावे लागत नाहीत.

ही गोष्ट घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून घ्या. आदल्या दिवशी सांगितलं तर 'असं कुठं असतंय व्हय?' म्हणून सगळं फिसकटतं.

मानाचे फोटो उजेड असताना उरका

'आमचा फोटोच राहिला' ही तक्रार वर्षानुवर्षं निघते, त्यामुळे उभं करून काढायचे हे मानाचे फोटो टाळू नका. ते पाहुणे यायच्या आधी उरका. व्याही-विहीण, मामा मंडळी, काका-काकू, सगळी भावंडं अशा पंधरा-वीस घोळक्यांची यादी करा आणि ती दोन्हीकडचे चेहरे ओळखणाऱ्या एखाद्या करवलीच्या हातात द्या. फोटोग्राफरला तुमचे मामा कोण हे माहीत नसतं. कोल्हापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातच्या. त्याआधीचा पाऊण तास ऊन मऊ असतं. पैठणीचा रंग आणि कोल्हापुरी साजाचं सोनं त्या उजेडात खुलून दिसतं.

खुर्च्या फिरवा

स्टेजकडे तोंड करून लावलेल्या रांगा मोडा. त्या रांगांत माणसं नाटक बघायला बसल्यासारखी बसतात. सहा-आठ खुर्च्यांचे गोल करा, मधून दोन माणसं जातील एवढी वाट सोडा. समोरासमोर बसली की माणसं आपोआप बोलायला लागतात.

लायटिंगवाल्याशी नीट बोला

इथं बहुतेक घरं दुर्लक्ष करतात आणि नंतर हळहळतात. जांभळे-गुलाबी पार लाईट, म्हणजे रंगीत झोत टाकणारे दिवे, डोळ्यांना झगमगीत वाटतात, पण चेहऱ्यावर पडले की त्वचेचा रंग बिघडतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवरही धड सुधारत नाही. रंगीत दिवे भिंतीवर आणि झाडांवर टाका, माणसांवर वॉर्म व्हाइट. लॉनवर बल्बच्या माळा बसायच्या जागेवरून ओढल्या की उजेड सगळीकडे सारखा पसरतो. लेझर नकोच, त्याचा झोत सरळ कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडला तर सेन्सर खराब होऊ शकतो. व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा तोंडावर आला की माणूस लगेच आखडतो. नाचाच्या वेळी तो बंद ठेवायला सांगा. हॉलमध्ये फ्लॅशचा उजेड पांढऱ्या छतावर टाकून मऊ करता येतो, लॉनवर तसं छत नसतं, म्हणून कोपऱ्यात स्टँडवर फ्लॅश लावता येतील का, हे फोटोग्राफरला विचारा.

हलगी कधी वाजवायची

मर्दानी खेळ बघायला देखणा असतो, दांडपट्टा फिरताना अंगावर काटा येतो. पण तिथं पाहुणे गोल करून बघत राहतात. हलगी, घुमकं आणि कैताळ ही वाद्यं मात्र बसलेल्या माणसाला उठवतात. त्यामुळे दोन्ही ठेवणार असाल तर मर्दानी खेळ जोडीच्या प्रवेशाला आणि हलगी जोडी खाली उतरल्यावर, पाहुण्यांच्या मधोमध. पहिल्यांदा नाचायला तालमीची चार पोरं आणि एखादा हौशी काका आधीच तयार ठेवा. एकदा काकांनी फेटा सावरत पाय टाकला की बाकीचे येतातच, आणि मग जे होतं ते नादखुळा!

दारात फेटे बांधणारा बसवा. कोल्हापुरी फेटा बांधताना माणूस आरशात बघतो, मित्र चिडवतात, लहान पोरगं डोक्यापेक्षा मोठा फेटा सांभाळत पळतं. फोटो तिथूनच सुरू होतात. तसाच जेवणाच्या रांगेपासून लांब एक भेळेचा ठेला लावा. कागदातली भेळ खात माणसं उभ्या उभ्या गप्पा मारतात. घास तोंडात असतानाचे फोटो मात्र काढायचे नाहीत, हे फोटोग्राफरला सांगून ठेवा.

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, नियमच तसा आहे. म्हणून नाच ९ च्या आत सुरू व्हायला हवा. एप्रिल-मेत लॉन घेताय तर वळवाचा पाऊस धरून चाला: कार्यालयाचा हॉल आपल्यासाठी मोकळा असेल का, जनरेटर कुठं ठेवणार, हे आधीच ठरवा.

फोटोग्राफर

दोघे तरी घ्या. एक स्टेजपाशी, दुसरा फक्त पाहुण्यांत, आणि या दुसऱ्याला 'अहो, इकडे एक काढा' म्हणून कुणी अडवू नये हे घरच्यांना सांगा. ठरवण्याआधी त्यांच्याकडून निवडक वीस फोटो बघू नका, एका लग्नाचा संपूर्ण अल्बम मागा. रात्रीच्या कृत्रिम उजेडातले फोटो कसे आलेत ते त्यातच कळतं. पाहुणे जेवायला बसायच्या आधी फोटोग्राफर आणि हलगीवाले जेवून घेतील असं आचाऱ्याला सांगा, म्हणजे ऐन नाचाच्या वेळी ते ताटावर नसतील.

सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. आणि पाहुण्यांचे, विशेषतः लहान मुलांचे, फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी त्यांच्या घरच्यांना एकदा विचारा.