स्क्रीनवरचा उणे १८ खरा आहे का? पीएलसी आणि डिव्हाइसच्या कम्युनिकेशनवर लक्ष कसं ठेवायचं

कोल्ड स्टोरेजच्या स्क्रीनवर उणे १८ दिसतंय म्हणजे आत उणे १८च आहे असं धरून चालू नका. टेम्परेचर कंट्रोलरची वायर सुटली, मॉडबस (डिव्हाइसशी बोलायची भाषा) बंद पडलं, तरी बऱ्याच पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, शेवटचा वाचलेला आकडा रजिस्टरमध्ये (मेमरीच्या खान्यात) तसाच पडून राहतो, आत मच्छी नरम पडायला लागते आणि स्क्रीनवर सगळं ठीकच. म्हणून आकड्याच्या आधी तो आकडा ताजा आहे का हे बघणारं लॉजिक पाहिजेच पाहिजे.

समोर दुसरा पीएलसी किंवा स्काडा (कॉम्प्युटरवरून प्लँट बघायचं सॉफ्टवेअर) असेल तर हार्टबीट लावा, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असा सतत बदलणारा सिग्नल. नुसता चालू-बंद होणारा बिट नको, वाढत जाणारा काउंटर घ्या, कारण बिट दर सेकंदाला बदलतो आणि तुम्ही दर २ सेकंदांनी वाचता, मग तो कायम सारखाच दिसतो आणि फुकटचा अलार्म येतो. काउंटर ५ सेकंद हलला नाही की कम्युनिकेशन फेल. साधा कंट्रोलर असेल तर त्याचं शेवटचं चांगलं उत्तर येऊन किती वेळ झाला याचा टायमर ठेवा. आणि फेल झाल्यावर व्हॅल्यूत शून्य भरू नका हो! टाकीची लेव्हल शून्य दिसली की पंप चालू होणार आणि टाकी ओसंडणार. वेगळा फॉल्ट बिट ठेवा, आणि तो आल्यावर काय चालू ठेवायचं काय बंद करायचं ते प्रोसेसवाल्यांबरोबर बसून ठरवा. व्हीएफडीलाही (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) कम्युनिकेशन तुटल्यावर काय करायचं याचं स्वतःचं पॅरामीटर असतं, ते एकदा उघडून बघा.

आता काउंटर. प्रत्येक डिव्हाइसचे चार: किती वेळा विचारलं, किती बरोबर उत्तरं, किती टाइमआउट (वेळेत उत्तरच नाही), किती सीआरसी एरर (उत्तर आलं पण वाटेत बिघडलेलं). बिघाड नेमका कुठे ते यावरूनच कळतं. नुसते टाइमआउट येत असतील तर डिव्हाइसची सप्लाय, अ‍ॅड्रेस, तुटलेली वायर बघा. सीआरसी एरर वाढत असतील तर नॉइज, टर्मिनेशन (लाइनच्या टोकांचे रेझिस्टर), किंवा मोटरच्या केबलला चिकटून टाकलेली कम्युनिकेशन केबल. आणि एक्सेप्शन कोड (‘हे देता येत नाही’ असं डिव्हाइसचं उत्तर) येतोय म्हणजे लाइन चांगली आहे, डिव्हाइस बोलतंय, बहुतेक रजिस्टरचा अ‍ॅड्रेस चुकलाय, उगाच केबल उपटत बसू नका.

एक मेलेलं डिव्हाइस अख्खी लाइन हळू करतं हेही लक्षात असू द्या. ९६०० बॉडला (लाइनचा वेग) १० रजिस्टर वाचायला ५० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, पण टाइमआउट १ सेकंद आणि एकूण ३ प्रयत्न ठेवले असतील तर बंद डिव्हाइसवर दर फेरीला ३ सेकंद जातात. तेव्हा फेल झालेल्याला मिनिटातून एकदाच विचारा.

आरएस-४८५ ची, म्हणजे मॉडबस ज्या दोन तारांवरून (ए आणि बी) चालतं त्या लाइनची, तपासणी मात्र मीटरनेच. सगळी सप्लाय बंद करून ए आणि बी मध्ये रेझिस्टन्स मोजा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो म्हणून ६० ओहमच्या आसपास पाहिजे. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर नाहीये, ४० आला तर कुणीतरी मध्येच तिसरा लावलाय.

आपल्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एमआयडीसी, मिरजोळे घ्या नाहीतर लोटे, खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यात तांब्याच्या तारा टर्मिनलमध्ये हिरव्या पडतात, कनेक्शन तुटत नाही पण अधूनमधून दगा देतं आणि हा फॉल्ट शोधायला सगळ्यात वाईट, माणूस प्रोग्राम तपासत बसतो. टिन केलेल्या तारांची केबल घ्या, टोकाला फेरूल (तारेवर दाबायची धातूची टोपी) लावा, पॅनेलमध्ये केबल खालून ग्लँडमधूनच (केबल घट्ट धरणारी सील) आणा, पॅनेलला हीटर द्या. किनाऱ्यावर हे खर्चिक वाटलं तरी मी तडजोड करणार नाही. एका बिल्डिंगमधून दुसऱ्यात लाइन जात असेल तर आयसोलेटर (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) आणि सर्ज अरेस्टर लावा, विजांचा भरवसा नाही.

सगळं लावून झालं की मे महिन्यात, पावसाच्या आधी, माल आणि मशीन सुरक्षित ठेवून एकेका डिव्हाइसचा कनेक्टर मुद्दाम काढा आणि घड्याळ लावून बघा अलार्म किती सेकंदात येतो. अलार्म नुसता एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) नको, पीएलसीच्या आउटपुटवरून हूटरलाही द्या, कारण एचएमआयचीच केबल गेली तर रात्रपाळीला कळणार कसं.